न्यायाधीश डी यांचे डच कथाकार : रॉबर्ट व्हान गुलिक

डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचणें हें विद्यार्थ्यांस भूषणावह आहे असें शिक्षक या नात्यानें मला म्हणतां येणार नाहीं. गेल्या वर्षीं इतिहासाच्या तासाला एका मुलाच्या पाठ्यपुस्तकाआड दडविलेली अशीच एक इंग्रजी कादंबरी मीं काढून घेतली. रिवाजाप्रमाणें ती टेबलाच्या खणांत पडावयाची. पण मुखपृष्ठावर लांब बाह्यांचा झगा घातलेला एक दाढीवाला चिनी अधिकारी दिसला, म्हणून सहज चार पानें चाळलीं, आणि त्या रात्रीं दिवा मालवावयास फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशीं पुस्तक ज्याचें त्यास परत दिलें व लेखकाविषयीं मिळेल तें वाचावयास आरंभ केला. तो लेखक म्हणजे रॉबर्ट हान्स व्हान गुलिक. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें वाटण्याचें कारण त्यांचीं रहस्यें नव्हत. दुसऱ्या लोकांच्या भूतकाळांत पाऊल टाकतांना परक्या माणसानें कोणत्या वृत्तीनें टाकावें, या अवघड प्रश्नाचें एक उत्तर त्यांच्या आयुष्यांत मिळतें.

व्हान गुलिक यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१० रोजीं हॉलंडांतील झुटफेन या गांवीं झाला. वडील डच वसाहतींच्या सैन्यांत डॉक्टर होते. रॉबर्ट तीन-चार वर्षांचा असतांना कुटुंब जावा बेटांत गेलें, आणि त्याचें बालपण बाराव्या वर्षापर्यंत तिकडेच गेलें. बाटाव्हिया शहरीं, म्हणजे आजच्या जाकार्ता येथें, घरीं डच व बाहेर मलायी अशा भाषा त्याच्या कानांवर एकदमच पडल्या. त्या बेटांत वायांग नांवाचा चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ आहे. पांडवांच्या कथा त्यांत रात्रभर चालतात, व हा गोरा मुलगा त्या खेळानें वेडावून गेला होता. चिनी दुकानांच्या पाट्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवरील अक्षरें पाहून तीं काय सांगतात हें जाणण्याचा हव्यास त्यास याच वयांत लागला. वसाहतींत राहणाऱ्या साहेबांच्या मुलांना नोकरांशीं बोलण्यापुरती देशी भाषा येत असे. तिच्या पलीकडे जाण्याची गरज बहुतेकांस वाटत नसे. रॉबर्टला ती वाटली. त्याच्या पुढील सर्व आयुष्याचें बीज या एका गोष्टींत आहे असें माझें मत आहे.

कुटुंब मायदेशीं परतल्यावर नायमेखेन शहरीं त्याचें शालेय शिक्षण झालें. त्या बाजूस उलेनबेक नांवाचे थोर भाषाशास्त्रज्ञ राहत असत. त्यांनीं या शाळकरी मुलास हाताशीं धरलें, संस्कृत शिकविलें, आणि आपल्या संशोधनांत सहकारी करून घेतलें. १९३० सालीं अमेरिकेंतील ब्लॅकफुट इंडियन लोकांच्या भाषेचा एक शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यावर गुरूच्या नांवाशेजारीं शिष्याचें नांव आहे, आणि शिष्याचें वय त्या वेळीं वीस वर्षांचें होतें. पुढें दोनच वर्षांनीं, १९३२ सालीं, त्यांनीं कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकाचें डच भाषांतर प्रसिद्ध केलें. लायडन व उत्रेख्त या विद्यापीठांत चिनी, जपानी, तिबेटी या भाषा व कायदा यांचा अभ्यास करून १९३५ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता हयग्रीव : घोड्याच्या मस्तकाची ही भारतीय देवता बौद्ध धर्माबरोबर चीन व जपान येथें कशी गेली व तेथें तिचें काय झालें.

अशा विद्वानास प्राध्यापकाची जागा शोभली असती. परंतु त्यांनीं परराष्ट्र खात्याची नोकरी धरली, व त्याच वर्षीं ते टोकियो येथील डच वकिलातींत रुजू झाले. येथपासून अखेरपर्यंत त्यांचे दोन संसार चालले. दिवसा सरकारी टपाल, मेजवान्या, अहवाल. आणि त्यांतून उरलेल्या वेळीं जुने ग्रंथ, शाई, कुंचला व वाद्य. चिनी सुलेखनाचा सराव त्यांनीं तरुणपणीं सुरू केला तो जन्मभर सोडला नाहीं. चीनमध्यें 'छिन' नांवाचें सात तारांचें एक अतिप्राचीन वाद्य आहे. तें सभेंत वाजवावयाचें वाद्य नव्हे; विद्वान् मनुष्य तें एकांतांत, किंवा एखाद्या मित्रासमोर, वाजवितो. १९३६ सालीं पेकिंग येथें जाऊन त्यांनीं एका वृद्ध वादकाकडून त्याचे धडे घेतले, व चार वर्षांनीं त्यावर जो ग्रंथ लिहिला तो या विषयावरील प्रमाणग्रंथांत गणला जातो. त्यांनीं स्वतःस चिनी नांवही घेतलें : काओ लो-पेई. आपल्या पुस्तकांवर या नांवाची मुद्रा ते उमटवीत.

डिसेंबर १९४१ मध्यें पॅसिफिक महासागरांत युद्ध पेटलें. दुसऱ्या वर्षीं शत्रुपक्षाचे राजनैतिक अधिकारी जपानमधून हलविण्यांत आले, त्यांत व्हान गुलिकही होते. १९४३ सालीं त्यांची नेमणूक चुंगकिंग येथें झाली. पूर्व चीन जपान्यांच्या हातीं गेल्यामुळें च्यांग कै-शेक यांचें सरकार या डोंगराळ नदीकांठच्या शहरीं येऊन राहिलें होतें. बाँबहल्ल्यांनीं शहर पोळलेलें, घरें अपुरीं, धान्य महाग. पण देशांतील चित्रकार, कवि, वादक व पंडित हेही निर्वासित होऊन तेथेंच जमले होते. शांततेच्या काळांत ज्यांना भेटण्यासाठीं दहा प्रांत हिंडावे लागले असते ते सर्व एका गांवीं सांपडले. वादकांनीं तेथें एक छिनमंडळ स्थापिलें, त्यांत हा डच अधिकारीही होता. डिसेंबर १९४३ मध्यें त्यांनीं एका जुन्या चिनी सरदारी अधिकाऱ्याच्या कन्येशीं, शुइ शि-फांग यांच्याशीं, विवाह केला. त्यांना चार अपत्यें झालीं. यापुढें चीन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय न राहतां त्यांचें सासर झाला, असें म्हटल्यास चालेल.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. अठराव्या शतकांत कोणा अज्ञात लेखकानें लिहिलेली एक चिनी कादंबरी व्हान गुलिक यांच्या हातीं आली होती. तिचा नायक होता दी जेन-जिए, म्हणजेच इंग्रजी पुस्तकांतील न्यायाधीश डी. हा काल्पनिक पुरुष नव्हे. इ. स. ६३० ते ७०० हा त्याचा काळ. तांग घराण्याच्या अमदानींत जिल्ह्याच्या जागांवरून चढत चढत तो सम्राज्ञी वू हिच्या मंत्रिपदापर्यंत पोंचला. राजधानीच्या न्यायालयांत असतांना त्यानें एका वर्षांत सतरा हजार माणसांचे तुंबलेले खटले निकालांत काढले आणि कोणीही अन्यायाची तक्रार केली नाहीं, अशी नोंद तांग इतिहासांत आहे. सम्राज्ञी आपल्या माहेरच्या भाच्यास गादी देऊं पाहत होती. राज्य तिच्या मुलाकडेच जावें असें तिला पटवून देण्यांत या मंत्र्याचा मोठा वांटा होता. चाळीस राण्यांच्या कथांत हरवून जाणाऱ्या राजांपेक्षां असा अधिकारी इतिहासांत शोधून काढावा लागतो, आणि चिनी लोकांनीं तो शोधून आपल्या गोष्टींत घेतला होता.

व्हान गुलिक यांना एका गोष्टीचा खेद वाटे. चीन व जपान येथील बाजारांत पाश्चात्त्य डिटेक्टिव्ह गोष्टींचीं हलकीं भाषांतरें भरलेलीं असत व तरुण मंडळी तीं आवडीनें वाचीत. इकडे शेरलॉक होम्सच्या जन्माआधीं कित्येक शतकें चीनमध्यें न्यायाधीशांच्या चातुर्याच्या कथा लिहिल्या जात होत्या, त्या मात्र धूळ खात पडलेल्या. या कथा बाहेरच्या जगास दाखवाव्या म्हणून त्यांनीं त्या जुन्या कादंबरीच्या चौसष्ट प्रकरणांपैकीं पहिल्या तीस प्रकरणांचें इंग्रजी भाषांतर केलें. उरलेला भाग दुसऱ्याच कोणा हलक्या लेखणीचा आहे असें त्यांचें मत होतें. युद्धानंतर वॉशिंग्टन येथें कांहीं काळ काढून ते पुन्हां टोकियोस आले होते. तेथें १९४९ सालीं हें भाषांतर त्यांनीं स्वतःच छापून घेतलें. प्रती निघाल्या अवघ्या बाराशें.

भाषांतर करतांना त्यांच्या मनांत आलें कीं जुन्या साहित्यावर नवी इमारत बांधून पाहावी. जुन्या चिनी कथेंत गुन्हेगार कोण हें बहुधा आरंभींच सांगून टाकतात. वाचकाची गंमत न्यायाधीश त्यास कसा पकडतो हें पाहण्यांत असते. भुतें येऊन साक्ष देतात, मधूनच लांबलचक उपदेश येतात, पात्रें शेकड्यांनीं असतात, आणि अखेरीस शिक्षेचें वर्णन अंगावर शहारे आणणारें असतें. व्हान गुलिक यांनीं गुन्हेगाराचें नांव शेवटपर्यंत झांकून ठेवलें, भुतांस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतून बाहेर काढलें, पात्रें मोजकीं केलीं. एक चिनी चाल मात्र त्यांनीं मुद्दाम राखली : न्यायाधीशापुढें एकाच वेळीं तीन खटले चालूं असतात. पाश्चात्त्य गुप्तपोलिसाला एकच खून पुरतो. पण जिल्ह्याच्या खऱ्या अधिकाऱ्याचें दप्तर कधीं असें रिकामें असतें काय?

या पद्धतीची पहिली कादंबरी 'चायनीज मेझ मर्डर्स' त्यांनीं इंग्रजींत लिहिली, पण ती इंग्रज वाचकांसाठीं नव्हती. तुमच्या घरांतच किती धन आहे हें आशियांतील लेखकांस दाखवावें, एवढाच त्यांचा उद्देश होता. म्हणून १९५१ मध्यें ती प्रथम जपानी भाषांतररूपानें प्रसिद्ध झाली, व १९५३ मध्यें त्यांनीं स्वतः केलेली चिनी आवृत्ति सिंगापूर येथें निघाली. इंग्रजी मूळ १९५६ पर्यंत तसेंच पडून होतें. तें बाहेर पडल्यावर मात्र पश्चिमेकडच्या वाचकांनींच तें उचलून धरलें, आणि ज्यास एक प्रयोग म्हणून हात घातला तें काम त्यांच्या गळ्यांत कायमचें पडलें. एकंदर चौदा कादंबऱ्या, दोन दीर्घकथा व आठ लघुकथा त्यांनीं न्यायाधीश डी याच्यावर लिहिल्या.

मधल्या काळांत, १९५१ पासून सुमारें दोन वर्षें, त्यांची नेमणूक नव्या दिल्लीस होती. लहानपणचें संस्कृत येथें पुन्हां उजळलें. चीन व जपान येथील भिक्षूंनीं शेंकडों वर्षें संस्कृतचा अभ्यास कसा केला, मंत्र लिहिण्यासाठीं 'सिद्धम्' नांवाची भारतीय लिपि त्यांनीं कशी जतन केली, याचा इतिहास त्यांनीं एका ग्रंथांत सांगितला. हा 'सिद्धम्' ग्रंथ १९५६ सालीं आपल्या नागपुरास डॉ. रघुवीर यांच्या संस्थेनें प्रसिद्ध केला. नागपूरकर विद्यार्थ्यांना ही माहिती अभिमानाची वाटावी. ज्या वर्षीं त्यांची पहिली इंग्रजी रहस्यकथा हेग येथें निघाली त्याच वर्षीं हा संस्कृतविषयक ग्रंथ नागपुरांत निघाला, यावरून या मनुष्याचीं दोन आयुष्यें कशीं हातांत हात घालून चालत तें दिसतें.

त्याच १९५६ सालीं त्यांचें तिसरेंही एक पुस्तक आलें, आणि त्यांच्या कथांचा झरा कोठला हें समजण्यास तेंच अधिक उपयोगी आहे. तेराव्या शतकांत एका चिनी अधिकाऱ्यानें न्यायाधीशांच्या उपयोगासाठीं १४४ जुन्या खटल्यांचा संग्रह केला होता. खटले जोडीजोडीनें मांडलेले आहेत, आणि नांवांत नाशपतीच्या झाडाचा उल्लेख आहे. कारण प्राचीन काळीं एक सरदार अशा झाडाखालीं बसून रयतेचा न्याय करी अशी आख्यायिका आहे. व्हान गुलिक यांनीं या संग्रहाचें भाषांतर केलें. त्यांतील एक खटला येथें सांगतों. एका बाईचा नवरा घराला लागलेल्या आगींत जळून मेला असें ती सांगत होती; नवऱ्याच्या नातलगांस संशय आला. न्यायाधीशानें दोन डुकरें आणविलीं. एक आधीं मारलें, दुसरें जिवंत ठेवलें, व दोन्ही लांकडांच्या ढिगांत जाळलीं. जिवंत जळलेल्या डुकराच्या तोंडांत राख सांपडली. मेलेल्याच्या तोंडांत नाहीं, कारण तें श्वास घेत नव्हतें. मग मयताचें तोंड उघडून पाहिलें तों स्वच्छ. बाईनें गुन्हा कबूल केला. आमच्या विज्ञानशिक्षकांनीं वर्गांत सांगावी अशी ही गोष्ट आहे.

कादंबरी लिहावयास बसण्यापूर्वीं व्हान गुलिक त्या कल्पित शहराचा नकाशा काढीत. तट, वेशी, न्यायकचेरी, देवळें, नदी, बाजार हीं जागच्या जागीं बसलीं म्हणजे पात्रें त्यांत फिरूं लागत. हे नकाशे पुस्तकांत छापलेले आहेत. चित्रेंही त्यांचींच, जुन्या चिनी लांकडी ठशांच्या धर्तीचीं. अशा शहरांत सकाळीं मोठी घंटा तीन वेळां वाजते, न्यायाधीश तांबडें वस्त्र घातलेल्या उंच मेजामागें येऊन बसतो, फिर्यादी व आरोपी दोघेही फरशीवर गुडघे टेकतात. जिल्ह्याचा कर, जन्ममृत्यूची नोंद, बंदोबस्त, तपास व निकाल सर्व याच एका माणसाकडे. लोक अशा अधिकाऱ्यास मायबाप म्हणत. पण हा मायबाप निरंकुश नव्हता. आरोपीच्या कबुलीवांचून त्यास दोषी ठरवितां येत नसे. देहांताची शिक्षा राजधानीच्या मंजुरीवांचून अंमलांत येत नसे. आणि खोटा आरोप करणारास, तो खरा ठरता तर आरोपीस जी शिक्षा झाली असती तीच भोगावी लागे.

या शेवटच्या नियमानें न्यायाधीशही सुटत नसे, आणि व्हान गुलिक यांची सर्वांत चांगली कादंबरी याच धाकावर उभी आहे. 'चायनीज नेल मर्डर्स' हें तिचें नांव; ती १९६१ सालीं निघाली. उत्तरेकडच्या गोठलेल्या सरहद्दीवरील शहरीं न्यायाधीश डी एका विधवेवर पतीच्या खुनाचा संशय घेतो व मयताची कबर उघडवितो. प्रेतावर कसलीच खूण सांपडत नाहीं. गांव खवळतो, कबर विनाकारण उघडणें हा मोठा गुन्हा, आणि आतां न्यायाधीशाची जागाच काय, मानही जाण्याची वेळ येते. त्याच वेळीं एक सज्जन व दयाळू व्यक्ति त्यास एक बारीकशी सूचना देते. तिनें तो वांचतो. पण ही गोष्ट त्या व्यक्तीस ठाऊक कशी, हा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. ज्यानें आपले प्राण वांचविले त्यालाच कायद्याच्या हवालीं करावें काय? पुढें काय होतें तें मीं सांगत नाहीं. दोन खिळ्यांच्या खटल्याची ही कल्पना चिनी लोकांत फार जुनी आहे. परंतु न्यायाधीशाची ती एकाकी रात्र व्हान गुलिक यांची स्वतःची आहे. सरकारचें मीठ खाणारा मनुष्यच ती लिहूं शकला असता.

त्यांच्या लेखनांत दोष नाहींत असें नाहीं. कांहीं पात्रें बुद्धिबळांतल्या सोंगट्यांसारखीं डाव संपल्यावर विसरून जातात. न्यायकचेरींतील मारहाणीचीं वर्णनें, सत्य असलीं तरी, कोमल मनांसाठीं नाहींत. प्राचीन चीनच्या गृहजीवनावर त्यांनीं १९६१ सालीं जो मोठा ग्रंथ लिहिला तोही प्रौढ अभ्यासकांनींच वाचावयाचा. न्यायाधीश डी हा कन्फ्यूशियसचा अनुयायी, त्यामुळें बौद्ध भिक्षूंकडे तो नेहमीं वांकड्या नजरेनें पाहतो. लेखकानें हा पूर्वग्रह तसाच राहूं दिला आहे. ज्यानें तरुणपणीं बौद्ध देवतेवर प्रबंध लिहिला, त्याचें हें स्वतःचें मत असण्याचा संभव कमी; पण सातव्या शतकांतील अधिकाऱ्याच्या तोंडीं विसाव्या शतकाची उदारता घालणें त्यांना खोटेपणाचें वाटलें असावें. उलट एक सवलत त्यांनीं घेतली आहे. कथा तांग काळची, पण चित्रांतील पोषाख व रीतिरिवाज मिंग काळचे, म्हणजे सातआठशें वर्षांनंतरचे आहेत. जुन्या चिनी कादंबरीकारांचीही हीच चाल होती. ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. पुस्तकाअखेर टीप देऊन कोणता खटला कोठून घेतला, कोणता भाग कल्पित, कोणता काळाला सोडून, हें सर्व ते सांगून टाकतात. ऐतिहासिक कादंबरीच्या नांवाखालीं वाटेल तें खपविणारांनीं हीं शेवटचीं पानें वाचावीं.

दिल्लीनंतर हेग, मग बैरूत, व १९५९ पासून मलायांत क्वालालंपूर येथें राजदूत, असा त्यांचा प्रवास झाला. क्वालालंपूरच्या बंगल्यांत त्यांनीं गिबन जातीचीं वानरें पाळलीं. चिनी कवींनीं ज्याच्या हांकेवर हजारों ओळी लिहिल्या तें हें वानर. मुलांना वाटेल कीं राजदूताची ही गंमत. पण त्यांतूनही एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ निघाला, आणि त्यासोबत गिबनच्या आवाजाची एक ग्रामोफोनची तबकडी देण्यांत आली.

१९६५ सालीं ते राजदूत म्हणून जपानला गेले. तीस वर्षांपूर्वीं ज्या वकिलातींत ते तरुण अधिकारी म्हणून आले होते तेथेंच आतां ते मुख्य होते. पण प्रकृति खालावली. फुफ्फुसाच्या कर्करोगानें २४ सप्टेंबर १९६७ रोजीं हेग येथें, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. गिबनवरील ग्रंथ त्याच वर्षीं निघाला, आणि न्यायाधीश डी याची शेवटची कादंबरी 'पोएट्स अँड मर्डर' दुसऱ्या वर्षीं. त्यांचा ग्रंथसंग्रह लायडन विद्यापीठाकडे आहे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत चिनी भाषांतरकारांनीं या कथा इंग्रजींतून चिनींत नेल्या. चीनच्या जुन्या न्यायाधीशाच्या कथा एका डच माणसाच्या इंग्रजीमार्फत आपल्या घरीं परत आल्या, आणि त्यानंतर तेथें दी जेन-जिए याच्यावर नाट्यमालिका व चित्रपटही निघाले.